अकरा आठवड्यांचं पिल्लू, न थांबणारी खाज आणि रिकामी काचपट्टी

पार्श्वभूमी

पिल्लू मादी, मिश्र जातीचं, मध्यम बांध्याचं. 8 आठवड्यांचं असताना नव्या घरी आलं. त्याआधी आई आणि चार भावंडांबरोबर एका शेडमध्ये वाढलेलं. पहिली लस झालेली होती, जंताचं औषध एकदा दिलेलं होतं. पिसवा-गोचिडांसाठी मात्र काहीच दिलेलं नव्हतं. नव्या घरात दोन मोठी माणसं, सहा वर्षांचं एक मूल आणि नऊ वर्षांचं एक मांजर. मांजर घराबाहेर पडत नाही, पण पिल्लाच्या अंथरुणावर दुपारचं येऊन झोपतं. ओळख पटेल असे बाकीचे तपशील इथे वगळले आहेत.

पहिला आठवडा बरा गेला. दहाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू खेळता खेळता थांबून कान खाजवायला लागलं. नव्या घरी आलेल्या पिल्लाची सवय म्हणून आधी कोणी लक्ष दिलं नाही. तीन-चार दिवसांत खाज कोपरांवर आणि पोटावर उतरली, आणि रात्रीची झोप मोडायला लागली. दवाखान्यात पिल्लू पोहोचलं तेव्हा ते 11 आठवड्यांचं होतं आणि खाज सुरू होऊन 11 दिवस झाले होते.

त्या 11 दिवसांत घरी काय झालं

घरच्यांनी हात बांधून बसणं शक्यच नव्हतं. त्यांनी तीन गोष्टी केल्या, आणि तिन्ही एकाच आठवड्यात.

खाणं बदललं. कोणीतरी सांगितलं, अ‍ॅलर्जी असणार. जुनं खाणं एका दिवसात बंद करून वेगळ्या प्रथिनाचं सुरू केलं. खाज तशीच राहिली, वर दोन दिवस जुलाब झाले. पिल्लाचं खाणं बदलायचं तर जुन्यात नवं मिसळत 7 ते 10 दिवसांत बदलावं लागतं. एका दिवसात बदललं की जुलाब खाण्याच्या दोषाने झाले की घाईने, हे सांगता येत नाही.

अंघोळ घातली, एकदा नाही, चारदा. तीही माणसांच्या शाम्पूने. माणसाची कातडी आम्लधर्मी असते, तिचा सामू साधारण 5.5. कुत्र्याची कातडी त्या मानाने उदासीन असते. माणसांच्या हिशोबाने बनवलेला शाम्पू वरचेवर लागला की पिल्लाची कातडी कोरडी पडते, कोंडा वाढतो आणि खाजेला आणखी एक कारण मिळतं. शेवटची अंघोळ दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी झाली, "स्वच्छ करून न्यावं" म्हणून. पशुवैद्याच्या दृष्टीने याहून वाईट वेळ नाही. पिसवांची विष्ठा, कोंडा, पिकलेल्या फोडांची टोकं, म्हणजे जे जे बघायचं असतं ते सगळं नळातून वाहून गेलेलं असतं.

तिसरी गोष्ट म्हणजे अंथरुणाची साबण पावडर बदलली. मालकिणीच्या हातावर बारीक लाल पुरळ आलं होतं आणि तिने त्याचा दोष जुन्या पावडरीला दिला होता. या पुरळाचा पिल्लाशी काही संबंध असेल हे कोणाच्या मनात आलं नाही, म्हणून दवाखान्यातही ते आपण होऊन सांगितलं गेलं नाही.

पहिली भेट: प्रश्न आणि तपासणी

खाजेच्या प्रकरणात पहिली पंधरा मिनिटं प्रश्नांतच जावीत. पहिला प्रश्न असा: आधी खाज आली की आधी पुरळ? उत्तर होतं, आधी खाज. पोटावरचे फोड चार-पाच दिवसांनी आले. या एका उत्तराने पिल्लांच्या पोटावर हमखास दिसणारा साधा पूयुक्त पुरळ मागे पडला. तो खाजेआधी दिसतो, त्याला बहुधा फारशी खाज नसते आणि बऱ्याचदा तो आपोआप जातो.

दुसरा प्रश्न खाजेच्या मोजमापाचा. 0 म्हणजे अजिबात नाही आणि 10 म्हणजे खाताना, खेळताना, झोपेतसुद्धा सतत. घरच्यांनी आकडा दिला 8. हा आकडा प्रत्येक वेळी एकाच माणसाने द्यायचा असतो. आज आईने, उद्या मुलाने दिला तर आलेखाला अर्थ उरत नाही.

तिसरा प्रश्न: घरात आणखी कोणाला खाज आहे का, माणसांसकट? मालकिणीने बाह्या वर केल्या. दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला, पिल्लू उचलून धरताना जिथे टेकतं नेमकं तिथे, लाल बारीक पुटकुळ्या होत्या. मुलाच्या पोटावरही तशाच चार-पाच. मांजराला खाज नव्हती.

मग पिल्लू टेबलावर आलं. वजन 3.7 किलो, ताप नाही. खांद्यापुढच्या गाठी थोड्या सुजलेल्या. कानांच्या पाळ्यांच्या कडेला केस विरळ आणि पिवळसर खपल्या. कोपरांवर आणि मागच्या पायांच्या घोट्यांच्या टोकावर केस गेलेले, कातडी लाल. पोटावर आणि काखेत पुटकुळ्या, काहींच्या टोकाला पू. पाठ मात्र स्वच्छ. शेपटीच्या बुडाशीही काही नाही. खाजेचं दुखणं अंगावर कुठे आहे याइतकंच ते कुठे नाही हेही बोलतं. पिसवांचा त्रास बहुधा कंबरेकडून शेपटीच्या बुडाकडे असतो. कोंडा पाडणारा शायलेटिएला हा माइट, म्हणजे कातडीवर राहणारा बारीक परजीवी, पाठीवर दिसतो. इथे पाठ मोकळी आणि कानाच्या कडा, कोपर, घोटे, पोट धरलेलं, ही मांडणी खरजेच्या माइटची, म्हणजे सार्कोप्टिसची आहे.

कानाची एक सोपी चाचणी केली गेली. कानाच्या पाळीची कड तिच्याच आतल्या बाजूवर दोन बोटांत धरून पाच-सहा सेकंद चोळायची. खरजेचं कुत्रं बहुतेक वेळा त्या बाजूचा मागचा पाय हवेत चालवायला लागतं. या पिल्लाने दोन्ही बाजूंना पाय चालवला. ही चाचणी खरजेच्या दहांपैकी साधारण आठ कुत्र्यांत होकारार्थी येते, आणि खरूज नसलेल्यांत ती क्वचितच तशी येते. फुकट आहे, सुई नाही, रक्त नाही. तरी ती घाईत राहून जाते.

नमुने आणि त्यांचे निकाल

फणी: पिसवांच्या बारीक दातांच्या फणीने पाच मिनिटं सगळं अंग विंचरलं, निघालेली घाण ओल्या पांढऱ्या कागदावर झटकली. काळी कणी ओली झाल्यावर तांबूस पसरली तर ती पिसवांची विष्ठा, कारण ती पचलेलं रक्त असते. तसं काही दिसलं नाही. पण आदल्या दिवशी अंघोळ झालेली असल्यामुळे या नकाराला अर्धीच किंमत दिली गेली.

सेलोटेप: पाठीवरून आणि मानेवरून पारदर्शक चिकटपट्टीने कोंडा उचलून काचेवर. शायलेटिएला नाही, उवा नाहीत, लिखा नाहीत.

खोल खरवड: बोथट केलेलं ब्लेड, मिनरल ऑइलचा थेंब, कातडी चिमटीत दाबून बारीक रक्त दिसेपर्यंत खरवडायचं. चार ठिकाणी केली. डेमोडेक्स हा केसांच्या मुळांतला माइट नाही.

वरची खरवड: कानाच्या कडा, कोपर आणि घोटे. इथे खोलीपेक्षा विस्तार लागतो, बऱ्याच मोठ्या भागावरून तेल लावून वरवरचा थर आणि खपल्या गोळा करायच्या. सहा काचपट्ट्या केल्या. माइट नाही, अंडं नाही, विष्ठेची तपकिरी गोळीही नाही.

पेशींची तपासणी: पोटावरच्या फोडातला पू काचेवर घेऊन रंगवला. पांढऱ्या पेशी आणि त्यांच्या आत गोल जिवाणू दिसले. म्हणजे जिवाणूंचा संसर्ग खरा होता, पण खाजेनंतर आलेला.

वूड्स लॅम्पखाली, म्हणजे अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली, कानांच्या खपल्या पाहिल्या, हिरवी चमक दिसली नाही. गजकर्णाची बुरशी प्रत्येक वेळी चमकत नाही म्हणून थोडे केस बुरशी वाढवून पाहण्यासाठी दिले गेले. तो निकाल यायला दोन-तीन आठवडे लागतात. शौचाच्या तपासणीत गोल जंताची अंडी सापडली आणि त्याचं औषध लगेच सुरू झालं. चाटताना पोटात गेलेले माइटही कधी कधी शौचात दिसतात, इथे दिसले नाहीत.

निर्णयाची पहिली जागा: "नाही"चा अर्थ

ब्लेड एकच, तेल एकच, सूक्ष्मदर्शक एकच. पण दोन खरवडींच्या "नाही"चं वजन सारखं नाही. डेमोडेक्स केसांच्या मुळांत मोठ्या संख्येने राहतो, म्हणून चार ठिकाणी नीट खोल खरवड करूनही तो दिसला नाही तर तो नाही असं जवळपास मानता येतं. सार्कोप्टिस अंगभर मोजकेच असतात आणि कुत्रं खाजवून त्यांतले बरेच स्वतःच काढून टाकतं. अंगावर थोडेसेच असूनही खाज भयंकर असते, कारण ती माइटच्या चालण्याने नव्हे तर त्याच्या विरुद्ध उठलेल्या अ‍ॅलर्जीने होते. म्हणून खरजेच्या सुमारे निम्म्या कुत्र्यांत पट्टी रिकामी निघते. माइट सापडला तर प्रश्न मिटला; सापडला नाही तर प्रश्न जिथल्या तिथे.

इथे आणखी एक हिशोब मांडला गेला, आणि या प्रकरणात तो सगळ्यांत कामाचा ठरला. पहिल्यांदाच लागण झालेल्या कुत्र्याच्या शरीराला माइटची अ‍ॅलर्जी तयार करायला बहुधा काही आठवडे लागतात. नव्या घरी येऊन पिल्लाला दहाच दिवस झाले होते तेव्हा खाज सुरू झाली. म्हणजे लागण या घरातली नसावी, आधीच्या शेडमधली असावी. तसं असेल तर भावंडांनाही खाज असायला हवी. पशुवैद्याने घरच्यांना त्याच दिवशी जुन्या ठिकाणी फोन करायला सांगितलं. फोन लागला, पण पलीकडून उत्तर आलं की बाकीची पिल्लं ठणठणीत आहेत.

समोर असलेले पर्याय

घरच्यांची पहिली मागणी होती, एक इंजेक्शन देऊन खाज थांबवा. म्हणजे दीर्घकाळ टिकणारं स्टेरॉइड. ते नाकारलं गेलं आणि कारणही स्पष्ट सांगितलं गेलं. बुरशीचा निकाल हातात नव्हता. गजकर्णावर स्टेरॉइड पडलं तर ते पसरतं. जिवाणूंचा संसर्ग होताच. शिवाय टोचलेलं औषध परत काढून घेता येत नाही. खाजेची ओक्लासिटिनिबची गोळी 12 महिन्यांखालच्या कुत्र्याला देत नाहीत, म्हणून तीही बाद.

दुसरा पर्याय खाण्याच्या चाचणीचा. खाण्याची अ‍ॅलर्जी सहा महिन्यांच्या आतही सुरू होऊ शकते, त्यामुळे हा पर्याय हास्यास्पद नव्हता. पण ती चाचणी म्हणजे किमान आठ आठवडे एकाच ठरावीक खाण्यावर राहणं, वाढत्या वयाला लागणारं कॅल्शियम आणि फॉस्फरस सांभाळून, आणि त्या काळात एकही वेगळा तुकडा नाही. त्यात खाण्याच्या अ‍ॅलर्जीने मालकिणीच्या हातावर पुरळ येत नाही. रक्तावरून किंवा केसांवरून "कशाची अ‍ॅलर्जी" सांगणाऱ्या चाचण्यांचीही चौकशी झाली. खाण्याच्या अ‍ॅलर्जीच्या निदानासाठी त्यांच्यावर विसंबता येत नाही, तो खर्च वाचवला गेला. परागकण किंवा धुळीतल्या माइटची अ‍ॅलर्जी बहुधा सहा महिन्यांनंतर सुरू होते, म्हणून ती यादीत तळाला.

तिसरा पर्याय म्हणजे पुन्हा खरवड किंवा सार्कोप्टिसविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्तचाचणी. लागणीनंतर ते प्रतिपिंड दिसायला काही आठवडे जातात आणि लहान पिल्लांत चाचणी खोटा नकार देऊ शकते. आणखी एका "नाही"ने काही ठरलं नसतं.

उरला चौथा: माइट सापडला नसताना खरूज आहे असं धरून उपचार, आणि उपचारालाच चाचणी बनवणं. हाच निवडला गेला. कातडीच्या दुखण्यात अंदाजाने औषध देणं एरवी आळशीपणाच असतो. इथे तो आळस नव्हता, कारण औषध सुरक्षित होतं, शंका पाच वेगवेगळ्या खुणांवर उभी होती आणि निकाल कधी पाहायचा ती तारीख आधीच ठरलेली होती. तारीख न ठरवता दिलेलं औषध ही चाचणी होत नाही.

निर्णयाची दुसरी जागा: कोणतं औषध

घरच्यांना ओळखीतून गुरांसाठीच्या आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनचा सल्ला मिळाला होता. त्याचा हिशोब कागदावर मांडला की धोका डोळ्यांना दिसतो. 1 टक्क्याच्या द्रावणात 1 मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम. 3.7 किलोच्या पिल्लाला किलोला 0.2 मिलिग्रॅमने 0.74 मिलिग्रॅम, म्हणजे 0.074 मिलिलिटर. साध्या सिरिंजमध्ये एवढं मोजताना दुप्पट-तिप्पट होणं सहज शक्य. त्यात पिल्लू मिश्र जातीचं. कोली वंशातल्या कुत्र्यांमध्ये एका जनुकातल्या दोषामुळे हे औषध मेंदूत साचतं, आणि या पिल्लाच्या आजोबा-पणजोबांत कोण होतं हे कोणालाच माहीत नव्हतं. अमिट्राझचं धुणं चार महिन्यांखालच्या पिल्लाला वापरायचं नसतं.

मानेवर टाकायचं सेलामेक्टिन चाललं असतं, ते 6 आठवड्यांपासून देता येतं. पण आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पूची अंघोळ चालणार होती आणि सहा वर्षांचं मूल पिल्लाला दिवसभर कवटाळून बसणार होतं. म्हणून पोटातून द्यायचं अ‍ॅफॉक्सोलेनर निवडलं. ते 8 आठवड्यांपुढच्या, सुमारे 2 किलोपुढच्या पिल्लांना चालतं. वय-वजनाची अट आणि कोणत्या दुखण्यासाठी मान्यता आहे हे देशोदेशी बदलतं, ते पाकिटावर पाहावं. या गटातली औषधं झटके येणाऱ्या कुत्र्यांना जपून देतात, पिल्लाला तसं कधी झालेलं नव्हतं. एक गोळी पहिल्या दिवशी, दुसरी 4 आठवड्यांनी.

फोडांसाठी पोटातलं प्रतिजैविक दिलं नाही. वरवरचा संसर्ग वरून लावलेल्या औषधाने आटोक्यात येत असेल तर तोच मार्ग बरा. 3 टक्के क्लोरहेक्सिडिनचा कुत्र्यांसाठीचा शाम्पू, आठवड्यातून दोनदा, फेस करून घड्याळ लावून 10 मिनिटं ठेवायचा, मग कोमट पाण्याने धुवायचा. या 10 मिनिटांतच सगळं आहे. लावून लगेच धुतलेला औषधी शाम्पू हा महागडा साबण. पिल्लू एवढं लहान की ते गारठू नये म्हणून धुणं संपताच टॉवेलने पूर्ण कोरडं करायचं.

निर्णयाची तिसरी जागा: खाज नसलेलं मांजर

मांजराला काहीच होत नव्हतं, मग त्याला औषध कशाला? घरच्यांचा हा प्रश्न रास्त होता. कुत्र्याचा सार्कोप्टिस मांजरावर क्वचित टिकतो. पण दोन गोष्टी होत्या. एक, सार्कोप्टिस सिद्ध झालेला नव्हता. शायलेटिएला असता तर मांजर खाज न दाखवता तो बाळगून राहू शकलं असतं. दोन, पिल्लाचा उपचार हीच चाचणी होती, आणि बाजूला एक उपचार न झालेला प्राणी ठेवला की महिन्याने पुन्हा खाज आली तर औषध चुकलं की लागण परत झाली हे कळायला मार्ग राहत नाही. मांजराला त्याच दिवशी मांजरांसाठीचं सेलामेक्टिन लावलं.

कुत्र्यांसाठीचे थेंब मांजराला लावायचे नाहीत, हे वेगळं लिहून दिलं. त्यांतल्या काहींत पर्मेथ्रिन असतं. मांजराच्या यकृताला ते नीट फोडता येत नाही. थरथर, झटके आणि मृत्यूपर्यंत जातं.

अंथरुणं, पट्टा, ब्रशचं कव्हर 60 अंशांच्या पाण्यात धुतली. खोलीच्या तापमानाला माइट अंगाबाहेर थोडेच दिवस जगतो, गारठ्यात आणि दमटपणात जास्त. घर रिकामं करून फवारणी करण्याची गरज नव्हती. मालकिणीला आणि मुलाला त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं गेलं. कुत्र्याचा माइट माणसावर पिढी वाढवू शकत नाही, पण पुरळ आणि खाज मात्र देतो.

सातवा दिवस

या टप्प्यावर असली प्रकरणं सगळ्यांत जास्त बिघडतात, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं.

सातव्या दिवशी आकडा 7 होता. आठाचा सात. पोटावरचे फोड वाळले होते, पण कोपर आणि कान तसेच, आणि रात्री अजून जागरण. घरच्यांचा धीर सुटला. नव्या खाण्याचं पाकीट आणून ठेवलेलं होतं आणि शाम्पू बंद करायचा विचार चालू होता.

औषध माइटला काही दिवसांत मारतं, पण मेलेले माइट, त्यांची अंडी आणि विष्ठा कातडीच्या वरच्या थरात तशीच पडून असतात. कातडी ती बाहेर टाकेपर्यंत अ‍ॅलर्जी चालू राहते. शिवाय अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंतचं चक्र दोन ते तीन आठवड्यांचं. त्यामुळे खरजेचा उपचार जमला की नाही हे तिसऱ्या-चौथ्या आठवड्याआधी विचारूच नये. हे पहिल्या भेटीत तोंडी सांगितलं होतं, पण रात्री तीनला खाजवणाऱ्या पिल्लाशेजारी बसलेल्या माणसाला तोंडी सांगितलेलं आठवत नाही. फोनवर ते पुन्हा समजावलं गेलं आणि खाणं बदलणं टळलं. त्या दिवशी ते बदललं असतं तर दोन आठवड्यांनी खाज कमी झाल्याचं श्रेय नव्या पाकिटाला गेलं असतं, आणि पिल्लू पुढची कित्येक वर्षं नसलेली अ‍ॅलर्जी सांभाळत जगलं असतं.

दहाव्या दिवशी जुन्या ठिकाणाहून उलट फोन आला. "ठणठणीत" भावंडांपैकी एक दुसऱ्या घरी गेलं होतं, त्यालाही खाज होती, आणि तिथल्या पशुवैद्याच्या पट्टीवर कानाच्या खपलीत एक जिवंत सार्कोप्टिस सापडला होता. या पिल्लाच्या अंगावर माइट शेवटपर्यंत दिसला नाही. निदान लागलं ते भावंडाच्या कानातून.

परिणाम

चौदाव्या दिवशी आकडा 4. रात्रीची झोप परतली. अठराव्या दिवसापर्यंत मालकिणीच्या हातावरचं पुरळ गेलं, मुलाचं त्याआधीच. बुरशीचा निकाल नकारार्थी आला.

28 व्या दिवशी आकडा 2, कानांच्या कडेला नवी लव, कानाची चाचणी केली तर पाय हलला नाही. दुसऱ्या गोळीच्या वेळी एक चूक होता होता राहिली. घरच्यांनी पहिल्याच दिवशी एकाच मापाच्या दोन गोळ्या घेऊन ठेवल्या होत्या. महिन्यात पिल्लू 3.7 वरून 5.2 किलोचं झालं होतं आणि त्या मापाची वरची मर्यादा ओलांडून गेलं होतं. जुनीच गोळी दिली असती तर मात्रा अपुरी पडली असती. वजन करून पुढच्या मापाची गोळी दिली गेली. शाम्पू तिसऱ्या आठवड्यानंतर बंद झाला.

आठव्या आठवड्यात आकडा 1. खाणं मूळचंच, हळूहळू मिसळत परत आणलेलं.

काय वेगळं करता आलं असतं

फोनवर "बाकीची पिल्लं ठीक आहेत" हे उत्तर एका वाक्यात मान्य केलं गेलं. बाकीची म्हणजे किती, अजून शेडमध्ये असलेली की घरोघरी गेलेली, आईचे कान कसे आहेत, कोणी शेवटचं कधी पाहिलं, असं विचारलं असतं तर निदान दहा दिवस आधी पक्कं झालं असतं आणि सातव्या दिवसाची घालमेल वाचली असती.

सहा पट्ट्या कमी पडल्या. सार्कोप्टिसच्या शोधात दहा-पंधरा पट्ट्या वावग्या नाहीत, विशेषतः अजून न खाजवलेल्या, ताज्या खपलीच्या जागांवरून. पिल्लू वळवळत होतं म्हणून खरवड आवरती घेतली गेली. दोघांनी धरून आणि मध्ये पाच मिनिटं विश्रांती देऊन ती पुरी करता आली असती.

स्टेरॉइडबाबत मतभेदाला जागा आहे. दीर्घकाळ टिकणारं इंजेक्शन नाकारणं बरोबरच होतं. पण नमुने घेऊन झाल्यावर, माइटचं औषध सुरू झाल्यावर, प्रेडनिसोलोन किलोला 0.5 मिलिग्रॅम असं रोज एकदा तीन-चार दिवस देणं शक्य होतं का? संसर्ग वरवरचा होता आणि शाम्पूने हटत होता. निकाल चौथ्या आठवड्यात पाहायचा होता, तोवर एवढ्याशा स्टेरॉइडचा परिणाम कधीच ओसरला असता, म्हणजे चाचणी गढूळ झाली नसती. अडचण एकच, गजकर्णाची शंका मिटलेली नव्हती. कानांच्या कडेची खपली गजकर्णातही दिसते आणि घरात लहान मूल होतं. या कारणाने ते टाळलं गेलं. पिल्लाने मात्र त्याची किंमत आणखी आठवडाभर जागून मोजली. केस तुटलेले गोल चट्टे असते तर प्रश्नच नव्हता. इथे ते नव्हते, आणि दुसरा पशुवैद्य इथे वेगळा निर्णय घेऊ शकला असता.

दवाखान्याने अपॉइंटमेंट देतानाच "चार-पाच दिवस अंघोळ घालू नका" एवढं सांगायला हवं होतं. आणि अपेक्षित वेळापत्रक तोंडी न सांगता कागदावर द्यायला हवं होतं: सातव्या दिवशी फरक जाणवणार नाही, चौदाव्याला थोडा, अठ्ठाविसाव्याला ठरवू.

एक गोष्ट नोंदीत मुद्दाम लिहून ठेवली आहे. अ‍ॅफॉक्सोलेनर पिसवांवरही चालतं, त्यामुळे औषधाने गुण आला यावरून फक्त "अंगावरचा परजीवी" एवढंच सिद्ध होतं. सार्कोप्टिसचं नाव पक्कं झालं ते खुणांची मांडणी, माणसांचं पुरळ आणि भावंडाच्या पट्टीवरून. हेच पिल्लू आठ-नऊ महिन्यांचं झाल्यावर पंजे चाटत आणि कान चोळत परत आलं, तर "मागच्या वेळची खरूज उलटली" असं न धरता फणी आणि खरवडीपासून पुन्हा सुरुवात करायची आहे. ते वय दुसऱ्या दुखण्यांचं असतं.